बालसंगोपन योजना आणि आरोग्यसाहाय्य

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाची योजना आहे. अनाथ, निराधार वा संकटग्रस्त बालकास संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढविता यावे, यासाठी त्याच्या वयाच्या १८ वर्षांपर्यंत मासिक अनुदान दिले जाते. २०२३ साली ते १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आले.

बालकांची आरोग्यतपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या या कार्यक्रमात वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शाळेत एकदा येते.

सांभाळ करणाऱ्याच्या प्रकृतीसाठी या अनुदानात वेगळी तरतूद नाही. खरी अडचण येथेच आहे. कशेडी घाटाच्या परिसरातून, म्हणजे पोलादपूर व खेड तालुक्यांतून, पोटासाठी मुंबईस जाण्याची रीत जुनी असल्याने मुलांचा सांभाळ पुष्कळदा गावी राहिलेल्या आजी-आजोबांकडे येतो. सत्तर वर्षांवरील व्यक्तींना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रच गाठावे लागते. आजी रुग्णालयात असेल त्या दिवसांत नातवाकडे कोणी पाहावे, हे बहुधा शेजारीपाजारीच ठरवितात.