छोट्या आगगाडीचा आराखडा

पुण्यास कोथरूडमध्यें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं खुलें केलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय ज्या मुलानें एकदां पाहिलें, त्याच्या घरच्यांनीं पुढील खर्चाची तयारी ठेवलेली बरी. आमच्या भिवंडीच्या घरीं असेंच झालें. मुलांनीं हट्ट धरला, धाकट्या काकांनीं त्यांची बाजू घेतली, आणि ८ फूट लांब व ४ फूट रुंद असा प्लायवूडचा तक्ता माजघरांत येऊन पडला. रूळ कसे टाकावयाचे तें आम्हीं पेन्सिलीनें कागदावर काढलें होतें. एक लांबट फेरा, तो एके ठिकाणीं पुलावरून जाणारा. पुलाखालून गोदामांकडे निघालेला फाटा. आणि समोरच्या बाजूस वसई–दिवा मार्गावरचें आपलें ‘भिवंडी रोड’ स्थानक. चित्र मोठें सुबक होतें. रूळ आणून जोडल्यावर मात्र फेऱ्याच्या दोन टोकांमध्यें बोटभर अंतर राहिलें, आणि स्थानकांत उभे केलेले डबे आपोआप घरंगळूं लागले.

दोष रुळांचा नव्हता, पेन्सिलीचा होता. विकत मिळणारे वळणाचे तुकडे ठराविक त्रिज्येचे व ठराविक कोनाचे असतात. आमचे ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे. आठ जोडले कीं वर्तुळ पुरें. मन मानेल तसें वळण त्यांतून निघत नाहीं. चढाचेंही तसेंच. पुलाखालून गाडी जावयाची तर सुमारें ७५ मिलिमीटर उंची हवी. शेंकडा ३ हा चढ छोट्या इंजिनास पुष्कळ झाला; त्या हिशेबानें चढण्यास अडीच मीटर व उतरण्यास अडीच मीटर रूळ लागतात. आमचा सारा फेराच सव्वापांच मीटरांचा ! स्थानकास सपाट जागा उरणार कोठून ?

हें गणित रूळ घेण्यापूर्वींच करून दाखविणारीं सॉफ्टवेअरें आहेत. त्यांतून निवड करतांना, जे रूळ आपणांस खरोखर मिळणार आहेत त्या बनावटीचे तुकडे त्याच्या संग्रहांत आहेत कीं नाहींत, हें पहिल्यानें पाहावें. नाहींतर सारें पुन्हां पेन्सिलीवरच येतें. ‘एनीरेल’ आम्हांस शिकण्यास सर्वांत सोपें वाटलें. विनामूल्य घेतल्यास ५० तुकड्यांची मर्यादा आहे. ‘स्कार्म’मध्यें ती १०० तुकड्यांची असून आराखडा त्रिमितींत फिरवून पाहतां येतो. हीं दोन्ही विंडोजवर चालणारीं. ‘एक्सट्रॅककॅड’ पूर्णपणें मोफत, लिनक्स व मॅकवरही चालतें. परंतु पहिले दोन दिवस डोकें धरून बसावें लागतें. ‘टेम्प्लॉट’ हें स्वहस्तें रूळ व सांधे घडविणाऱ्यांसाठीं. नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. आमचा आराखडा चाळीसेक तुकड्यांचा, तेव्हां पहिल्यावरच काम भागलें.

हुबेहूबपणाचा आग्रह मात्र सोडावा लागतो. आपल्या रुंद लोहमार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात; ८७ पट लहान केले तर तें अंतर १९ मिलिमीटरांहून थोडें अधिक भरतें, आणि त्या मापाच्या गाड्यांसाठीं सर्रास मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरांचे ! ६०० मीटर लांबीची मालगाडी त्याच मापानें सुमारें ७ मीटर होईल. ती ठेवावयाची तर भिंत पाडावी लागेल. आम्हीं पांच डब्यांवर समाधान मानलें.

दुसऱ्या खेपेस पूल गाळला, फाटा सपाटीवरूनच काढला आणि आराखडा प्रत्यक्ष मापांत छापून, कागद खळीनें जोडून माजघरांत अंथरला. आजी पाहावयास आल्या. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, “भिंतीकडच्या कोपऱ्यांत गाडी घसरली, तर हात कुणाचा पोहोंचणार रे ?” अडीच फुटांपलीकडे हाताला नीट काम होत नाहीं, आणि तक्ता चार फूट रुंद ! हा प्रश्न सॉफ्टवेअरनें आम्हांस विचारला नव्हता. आतां तक्त्याच्या चौकटीला चाकें बसविलीं आहेत. गाडी घसरली कीं सारें भिवंडी रोड स्थानक भिंतीपासून पुढें ओढून घेतों.