उभ्यानं काम करणाऱ्यांचे पाय

साडीच्या दुकानातला विक्रेता, चौकातला वाहतूक पोलिस, खानावळीत पोळ्या लाटणारी बाई. संध्याकाळी यांची तक्रार एकच असते: पाय जड झाले, पोटऱ्या ठणकतात, रात्री गोळे येतात. पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा उठलेल्या असतात, पण ‘वयाचं आहे’ म्हणून अंगावर काढलं जातं.

पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. पाऊल पडलं की स्नायू शिरा दाबतात, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. स्तब्ध उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागलं की तो ३०च्या आसपास उतरतो. म्हणजे पायांना महाग पडतं ते एका जागी खिळून उभं राहणं. त्यात घराण्यातून आलेली ठेवण, बाळंतपणं, वय, वजन यांची भर पडली की झडपा नीट मिटत नाहीत, रक्त साचतं आणि शिरा फुगतात.

खरी काळजी घोट्याच्या आतल्या बाजूच्या कातडीची. तिथे खाज सुटते, कातडी काळवंडते, कडक होते. मग साधं खरचटलं तरी जखम महिनोन्महिने भरत नाही. खाजेवर नुसती मलमं चोळण्यात फार वेळ जातो, याचं वाईट वाटतं. डॉपलर सोनोग्राफीत कुठली झडप गळते ते दिसतं. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आत गुठळी असू शकते. शीर फुटली तर आडवं होऊन पाय उंच करावा, जागा घट्ट दाबून धरावी.

दाब देणारे मोजे सकाळी, सूज चढण्याआधी घालायचे. मधुमेह्यांनी आधी धमन्यांतला रक्तपुरवठा तपासून घ्यावा. मोज्यांनी त्रास कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. गरज पडल्यास लेसरनं बिघडलेली शीर आतून बंद करतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

केरळनं २०१८मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. केरळात ही मागणी कापडदुकानांतल्या बायकांनीच लावून धरली होती. काउंटरमागे स्टूल ठेवायला आपल्या मालकांनी कायद्याची वाट पाहू नये. तोवर गिऱ्हाईक नसताना उभ्याउभ्या टाचा वर-खाली कराव्यात, तेवढ्यानंही पोटरी कामाला लागते.