सँडर्स आणि स्मिथ : धावण्याच्या दोन रीती

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील १९९१ च्या हंगामाचे दप्तर मिटले, तेव्हा चेंडू घेऊन सर्वाधिक धावलेल्यांच्या यादीत डॅलस काउबॉइजचा एमिट स्मिथ १,५६३ यार्डांनिशी पहिला होता आणि डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स १,५४८ यार्डांनिशी दुसरा. अवघ्या १५ यार्डांचा हा फरक, आणि तोही सँडर्स हंगामाचा पहिला सामना खेळू शकला नसताना! पुढे दशकभर या दोघांच्या श्रेष्ठत्वाचा जो वाद चालला आणि अद्यापही ज्याचा निकाल लागलेला नाही, त्याचे मूळ त्या यादीत होते.

या खेळाची घटना ज्यांच्या परिचयाची नाही त्यांच्यासाठी इतके सांगणे अवश्य आहे, की चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते; तेवढे साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली होतो. डाव चालविणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू हाती घेऊन समोरच्या गर्दीत शिरणारा जो गडी, तो रनिंग बॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी वाट मोकळी करण्यासाठी तैनात असते, आणि कित्येक संघांत या फळीच्या मागोमाग फुलबॅक नावाचा आणखी एक गडी, पहिला आघात स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी, त्याच्याआधी धावतो. रनिंग बॅकच्या नावावर जे यार्ड जमा होतात, त्यांत या सर्वांचा वाटा असतो. मात्र दप्तरी नोंद होते ती एकट्याची.

सँडर्सचा जन्म १९६८ चा, कॅन्सस संस्थानातील विचिटा शहरचा. वडील घरांची छपरे घालण्याचा धंदा करीत, मुलांनाही त्या कामास जुंपीत, आणि जिम ब्राऊन हाच सर्वश्रेष्ठ धावक, आपला मुलगा त्याच्या खाली, असे चारचौघांत निःशंकपणे सांगत. १९८८ साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धावून त्याने महाविद्यालयीन क्रीडाजगातील हाइझमन पारितोषिक मिळविले, व पुढील वर्षी डेट्रॉइटने त्याची निवड केली. डेट्रॉइटची तेव्हाची व्यूहरचना बहुतांशी चेंडूफेकीवर आधारलेली असून तीत फुलबॅकला स्थान नव्हते; त्यामुळे चेंडू हाती आला की हा पाच फूट आठ इंच उंचीचा तरुण, पुढे कोणी वाटाड्या नसताना, एकटाच गर्दीला सामोरा जाई. समोरची वाट बंद दिसली म्हणजे तो दोन पावले मागे घेई, आडवा धावे, जागच्या जागी थांबून पुन्हा उसळी मारी, आणि त्याला धरावयास आलेले दोघे-तिघे परस्परांवरच कोसळत.

५ जानेवारी १९९२ रोजी पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये हे दोघे बाद फेरीच्या सामन्यात समोरासमोर आले. सामन्याच्या चौथ्या सत्रात सँडर्स डॅलसच्या बचावफळीत शिरला व दिसेनासा झाला; आता पंचांची शिटी वाजणार असे वाटावे, तोच तो त्या गराड्यातून बाहेर निसटला आणि ४७ यार्ड धावून त्याने गोलरेषा ओलांडली. टचडाउननंतरही त्याने नेहमीप्रमाणे नाच वा हावभाव न करता चेंडू पंचांच्या हाती दिला. लायन्सनी तो सामना ३८-६ असा जिंकला. १९५७ च्या हंगामानंतर या संघाचा बाद फेरीतील हा पहिला विजय होता, आणि पुढला विजय पाहण्यास डेट्रॉइटकरांना जानेवारी २०२४ उजाडावा लागला. सँडर्सच्या संपूर्ण कारकिर्दीत बाद फेरीतील विजय एवढा एकच.

पराभूत होऊन परतलेल्या स्मिथच्या संघाने मात्र पुढील चार हंगामांत तीन वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. फ्लॉरिडातील पेन्साकोला येथे १९६९ साली जन्मलेला स्मिथ वेगाच्या मानाने मध्यम समजला जाई, आणि १९९० च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव सतराव्या क्रमांकापर्यंत कोणी घेतले नाही. त्याचे सामर्थ्य निराळ्या गोष्टींत होते: फळीतील गडी कोणत्या क्षणी कोणत्या बाजूस सरकणार याची त्याला अचूक जाण होती, वाट उघडेपर्यंत थांबण्याचा संयम त्याच्यापाशी होता, आणि अडविला गेल्यावरही देह पुढच्या पुढे झोकून आणखी दोन यार्ड पदरात पाडून घेण्याची चिकाटी होती. नेट न्यूटन, मार्क ट्विनेई, एरिक विल्यम्स यांची मातब्बर फळी व पुढे फुलबॅक डॅरिल जॉन्स्टन असा बंदोबस्त त्याला लाभला, हे सँडर्सच्या पक्षाचे लोक नेहमी बोलून दाखवितात. ते खरे आहे. पण त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की डेट्रॉइटच्या फळीतही लोमास ब्राऊन व केव्हिन ग्लोव्हर यांच्यासारखे नामांकित गडी होते, आणि १९९३ च्या हंगामाच्या आरंभी वेतनाच्या करारावरून स्मिथ दोन सामने बाहेर बसला तेव्हा तीच डॅलसची मातब्बर फळी दोन्ही सामने हरली.

त्याच हंगामातील बाद फेरीपूर्वीचा अखेरचा सामना २ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध झाला. गटाचे विजेतेपद त्यावर अवलंबून होते. मध्यांतराच्या सुमारास ४६ यार्डांची मुसंडी मारताना स्मिथ कठीण कृत्रिम मैदानावर आदळला व त्याच्या उजव्या खांद्याचा सांधा सुटला. तो बाहेर गेला नाही. उजवा हात अंगाशी धरून तो उत्तरार्धात उतरला; पाडला गेला की सहकारी त्याला हात देऊन उभा करीत, आणि पुढच्या प्रयत्नास चेंडू पुन्हा त्याच्याकडेच येई. सामना जादा वेळेत गेला, डॅलसने तो १६-१३ असा जिंकला. एकूण ३२ धावांत १६८ यार्ड व १० झेलांत ६१ यार्ड, एवढे काम त्याने त्या दिवशी केले. दोघांच्या कारकिर्दीतील एकच पराक्रम निवडावयाचा झाला तर मी निःसंकोचपणे हा निवडीन.

आता सरासरीविषयी. सँडर्सची प्रत्येक धावेमागे ५.० यार्ड, स्मिथची ४.२, एवढ्यावर पुष्कळ जण निर्णय देऊन मोकळे होतात. परंतु सरासरी ही सर्व यार्ड एका मापाने मोजते, आणि खेळ त्यांना एका मापाने मोजीत नाही. तीन, चार, पुन्हा चार असे नियमाने मिळणारे यार्ड संघाचे प्रयत्न जिवंत ठेवतात. एकदा उणे दोन, एकदा शून्य आणि मग चाळीस, या क्रमातले चाळीस कधी येतील याचा भरवसा प्रशिक्षकाला नसतो. डिसेंबर १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या बाद फेरीत सँडर्सच्या १३ धावांची बेरीज उणे एक यार्ड झाली. गोलरेषेच्या तोंडाशी डेट्रॉइट त्याला बाहेर काढून दुसरा गडी पाठवी, तो याच भयाने. धावून केलेले स्मिथचे टचडाउन १६४ व सँडर्सचे ९९ आहेत, त्यामागे हेही कारण आहे.

याचा अर्थ सँडर्स उणा असा मी करीत नाही. १९९७ साली, पहिल्या दोन सामन्यांत मिळून अवघे ५३ यार्ड झाले असता, पुढील चौदाही सामन्यांत प्रत्येकी शंभराची मर्यादा ओलांडून त्याने २,०५३ यार्ड पुरे केले, ही गोष्ट स्मिथला कधी साधली नाही आणि साधती असे वाटतही नाही. डॅलसच्या फळीमागे सँडर्स असता तर त्याने काय केले असते, हा प्रश्न मोठ्या हौसेने विचारला जातो. माझ्या मते तो निष्फळ आहे, कारण सँडर्सची कला वाट बंद असण्यातूनच घडली. आखून दिलेल्या वाटेवर शिस्तीने धावणारा सँडर्स कदाचित अधिक यशस्वी झाला असता, परंतु तो हा सँडर्स राहिला नसता.

विक्रमाविषयीची दोघांची वृत्तीही भिन्न होती. १९८९ च्या अखेरच्या सामन्यात, अटलांटा येथे, आणखी अकरा यार्ड धावला असता तर पदार्पणाच्याच वर्षी सँडर्सला ख्रिश्चन ओकोयेकडून पहिला क्रमांक हिसकावून घेता आला असता. पण सामना जिंकलेला होता, म्हणून तो पुन्हा मैदानात गेला नाही. जुलै १९९९ मध्ये तर १५,२६९ यार्ड नावावर असताना, वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा सर्वोच्च विक्रम केवळ १,४५७ यार्डांवर आला असताना, त्याने आपल्या गावच्या वृत्तपत्राकडे फॅक्सने निवृत्तीचे निवेदन धाडले. सततचे अपयश आणि ग्लोव्हरसारख्या सोबत्याला संघाने जाऊ देणे, यांनी त्याचे मन उठले होते. धडधाकट शरीराचा एकतीस वर्षांचा माणूस लाखो लोकांच्या अपेक्षेपुढे न वाकता असा उठून जातो, याबद्दल डेट्रॉइटच्या रसिकांनी त्याला दीर्घकाळ क्षमा केली नाही; मला मात्र त्या निर्णयाचा आदर वाटत आला आहे.

स्मिथला तो विक्रम हवा होता, आणि त्याने ते कधी लपविले नाही. २७ ऑक्टोबर २००२ रोजी, डॅलसमधील आपल्या तेराव्या व अखेरच्या वर्षी, सिॲटलविरुद्ध अकरा यार्ड धावून त्याने पेटनला मागे टाकले. मग दोन वर्षे ॲरिझोनाकडून खेळून १८,३५५ यार्डांवर तो थांबला. सँडर्सला २००४ साली व स्मिथला २०१० साली कॅन्टन येथील हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तेथील भाषणात, जॉन्स्टनचे ऋण मानताना, स्मिथला अश्रू आवरले नाहीत.