दुपारचं पीठ, संध्याकाळचा नान

पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातलं गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते मिरचीच्या बाजारामुळे. जेवण मात्र मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखंच, म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी आणि गव्हाची पोळी. भट्टीतला पाव-टोस्ट चहाबरोबर येतो, ताटात नाही. पण रमजान आला की महिनाभरासाठी ताट बदलतं. रोजा सोडल्यावर रश्शात बुडवायला मऊ, जाड, फुगलेली रोटी हवी असते. ती रोज करायला सगळ्यांना वेळ नसतो, आणि ज्या घरातल्या बाईला वेळ व हात दोन्ही आहेत, तिच्यासाठी तेवढीच कमाईची वाट उघडते.

या रोटीचं मराठवाड्यातलं मोठं घराणं म्हणजे औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान-खलिया. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराला एकाच वेळी जेवू घालण्यासाठी हा बेत निघाला, अशी कथा तिथे सांगतात. कथा खरी असो-नसो, पदार्थाची ठेवण मात्र तशीच आहे. एक मोठं पातेलं, एक मोठी भट्टी आणि ताट-वाटीची गरज कमीच. ‘नान’ हा शब्द फारसी, त्याचा अर्थ नुसता ‘भाकरी, रोटी’. म्हणून ‘नान रोटी’ म्हणणं हे ‘भाकरी भाकरी’ म्हणण्यासारखंच. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला. भाजलेल्या पिठाला इकडे परदेशी नावं फार, पीठ मात्र इथलंच.

शहरातल्या नानबाईकडे जमिनीत बसवलेला तंदूर असतो. गावातल्या स्वयंपाकघरात तो कुठून येणार? तिथे उपयोगी पडतो लोखंडी तवा. लाटलेल्या नानाच्या एका बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ती ओली बाजू तापलेल्या तव्यावर चिकटवायची, वर बुडबुडे आले की तवाच उलटा करून आचेवर धरायचा. नान खाली पडत नाही, वरून डाग पडतात आणि तंदुराची आठवण होईल इतपत खरपूस होतो. नॉनस्टिक तव्यावर हा खेळ जमत नाही, नान सरळ शेगडीत पडतो. काही घरांत बिनशिट्टीचा कुकर किंवा कढईत तापवलेलं मीठ, वर थाळी आणि झाकण, अशी भट्टी होते. फुगवण्यासाठी कोरडं यीस्ट मिळू लागलं तेव्हापासून काम सोपं झालं. आधी खमीर, म्हणजे कालच्या पिठाचा राखलेला गोळा, सांभाळावा लागे. दही-सोड्यावरही नान होतो, पण थंड झाला की चिवट लागतो, आणि विकायचा नान थंड होऊनच गिऱ्हाइकाच्या ताटात जातो.

अवघड भाग वेगळाच आहे. करणारीही रोजात असते. मीठ चाखून बघता येत नाही. जिभेच्या टोकावर घेऊन थुंकण्याची सवलत फिक्हने दिली आहे, पण अनेकजणी ती घ्यायला धजावत नाहीत. मग अंदाजाचा स्वयंपाक करणारी बाईसुद्धा चमचा मोजायला शिकते. त्यातून हंगामाचं गणित आणखी. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान ऋतूंमधून मागे सरकत जातो. 2018-19 मध्ये तो मे-जूनच्या उकाड्यात होता. तेव्हा पीठ तासाभरात फुगून आंबायचं. 2030 मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. थंडीत तेच पीठ दुपारी बारालाच भिजवून गोधडीखाली ठेवावं लागेल.

आता पैशाचं. मैदा 40 रुपये किलो धरला तर 5 किलोचे 200. दूध, साखर, तेल, यीस्ट मिळून 150 आणि गॅसचे 80 धरा. खर्च 430. एका किलोत साधारण 10 नान, म्हणजे 50 नान. 12 रुपयांना एक विकला तर 600 येतात, हातात 170. दोन शेगड्यांवर 50 नान भाजायला सव्वा तास तरी लागतो, मळणं आणि फुगवणं वेगळं. आठ नान उरले की 170 चे 74 होतात. उधारी तर यात धरलेलीच नाही, आणि शेजाऱ्याकडे इफ्तारच्या तोंडावर पैसे मागायला कुणाची जीभ वळते? ‘घरबसल्या उद्योग’ म्हणून कौतुक करणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत. बाईचे तीन-चार तास त्यात फुकट धरलेले असतात.

म्हणून शहाण्या बायका आदल्या दिवशी संध्याकाळी मागणी विचारून घेतात आणि तेवढंच पीठ भिजवतात. काहीजणी मैदा गिऱ्हाइकाचाच घेतात आणि फक्त मजुरी लावतात. ही पद्धत आपल्याला नवी नाही. दिवाळी असो की ईद, रवा-मैदा-तूप घरचं नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणणारी घरं दोन्हीकडची आहेत. त्या रांगेत डब्यांवर नावं लिहिलेली असतात, जात-धर्म नाही.

कायद्याची बाजूही बघावी. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यासाठी साधी नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला 100 रुपये. एका महिन्याच्या धंद्यासाठी कोण करणार, असं वाटतं खरं. पण ज्या बाईला ईदनंतरही लग्नाच्या, वास्तुशांतीच्या किंवा मिरची हंगामात येणाऱ्या व्यापारी-ट्रकवाल्यांच्या जेवणाच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत, तिला तो कागद कामाला येतो.

उरलेला नान टाकत नाहीत. रोटीचा तुकडा पायाखाली येऊ नये ही शिकवण उर्दू बोलणाऱ्या घरात आणि मराठी बोलणाऱ्या घरात सारखीच. पहाटे सहरीला तो दुधात कुस्करला जातो, पोटात बसतो आणि दुपारपर्यंत धीर देतो.

खरी पंचाईत 29 व्या रोजाला. चंद्र दिसला तर उद्या ईद, म्हणजे शीरखुर्मा आणि नानाला गिऱ्हाईक नाही. नाही दिसला तर उद्या तिसावा रोजा आणि पुन्हा 50 नान. मैदा आजच आणून ठेवायचा की नाही, हे मगरिबनंतर आकाशाकडे बघून ठरतं. तोवर दुकानदाराला सांगून ठेवलेलं असतं, शटर अर्धंच ओढ.