चियांग माईत बसून पुण्याची नोकरी: खर्च, व्हिसा, टॅक्स आणि धुराचे तीन महिने

रील साधारण एकसारखीच असते. लाकडी टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी आइस्ड कॉफी, मागे डोंगर आणि खाली ओळ: 'पुण्यातल्या वन बीएचकेच्या भाड्यात इथे पूर्ण महिना'. शहर बहुतेक वेळा चियांग माई असतं. रील खोटी नसते. फक्त त्यात फेब्रुवारी ते एप्रिल दिसत नाही, आणि इन्कम टॅक्सचं रिटर्नही दिसत नाही.

चियांग माई हे उत्तर थायलंडमधलं सर्वात मोठं शहर. १२९६ साली राजा मेंगराय याने वसवलेलं, आजही जुन्या भागाभोवती चौकोनी खंदक असलेलं. बँकॉकच्या मानाने लहान, स्वस्त आणि निवांत. लॅपटॉपवर काम करणारे परदेशी लोक गेली दहा-पंधरा वर्षं इथे येत आहेत, त्यामुळे वेगवान इंटरनेट, को-वर्किंगच्या जागा आणि महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या सजवलेल्या खोल्या या गोष्टी सहज मिळतात. निम्मान हा त्यांचा आवडता भाग, आणि अर्थातच महागही.

खर्च खरंच किती?

एक बाट म्हणजे अंदाजे अडीच ते पावणेतीन रुपये. साधी, फर्निचरसह वन रूम ८ ते १५ हजार बाटमध्ये मिळते, म्हणजे २० ते ४० हजार रुपये. डिपॉझिट साधारण दोन महिन्यांचं. विजेचं बिल वेगळं असतं, आणि बरेच घरमालक सरकारी दरापेक्षा जास्त दराने युनिट लावतात. एसी दिवसभर चालणार असेल तर करार करण्याआधी युनिटचा दर विचारलेला बरा. रस्त्यावरची खाओ सोय, म्हणजे नारळाच्या दुधातली करी घातलेले नूडल्स, ५०-६० बाटला मिळते.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हा शब्द दिसला की तिथे मांस, मासे आणि अंडी नसतात. कांदा-लसूणही नसतो. नुसतं 'भाजी घाला' म्हटलं तर भाजी येते, पण फिश सॉसमध्ये परतलेली.

हे सगळं स्वस्त कोणासाठी, हेही बघायला हवं. जानेवारी २०२५ पासून चियांग माई शहरात किमान मजुरी दिवसाला ३८० बाट आहे. निम्मानमधली ८० बाटची कॉफी पुण्याच्या पगारात किरकोळ वाटते. ती कॉफी करून देणाऱ्याच्या पगारात ती तशी नसते.

व्हिसा: पर्यटक की कामगार?

जुलै २०२४ मध्ये थायलंडने 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', म्हणजे डीटीव्ही सुरू केला. पाच वर्षं मुदत, कितीही वेळा प्रवेश आणि दर प्रवेशाला १८० दिवसांपर्यंत मुक्काम. वय किमान २० हवं. बँकेत ५ लाख बाट, म्हणजे साधारण साडेबारा ते पावणेचौदा लाख रुपये असल्याचा पुरावा लागतो. शिवाय तुमची नोकरी किंवा फ्रीलान्स काम थायलंडबाहेरचं आहे, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. अर्ज थायलंडच्या बाहेर असतानाच, सरकारी ई-व्हिसा पोर्टलवरून करायचा.

या व्हिसावर थाई कंपनीत नोकरी करता येत नाही. 'तिथे गेल्यावर बघू काहीतरी' हा बेत इथे चालत नाही.

अनेकजण पर्यटक म्हणून जातात आणि हॉटेलात बसून मेल पाठवतात. दोन आठवड्यांसाठी कोणी फारसं विचारत नाही. पण दर दोन महिन्यांनी सीमा ओलांडून परत येणाऱ्याला इमिग्रेशनच्या काउंटरवर थांबवलं जाऊ शकतं, परतही पाठवलं जाऊ शकतं. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. सलग ९० दिवस राहिलात तर पत्ता कळवायची जबाबदारी तुमची.

टॅक्स, म्हणजे खरी डोकेदुखी

बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण दोन देशांची वर्षं वेगळी आहेत. भारत एप्रिल ते मार्च मोजतो, थायलंड जानेवारी ते डिसेंबर.

समजा, पुण्याच्या आयटी कंपनीत काम करणारी एक मुलगी १ नोव्हेंबरला चियांग माईला गेली आणि ३१ मार्चला परतली. त्या आर्थिक वर्षात ती भारतात २०० पेक्षा जास्त दिवस होती. १८२ ची मर्यादा ओलांडली, म्हणजे ती भारताची करनिवासी आणि जगभरातल्या तिच्या कमाईवर भारतात कर. थायलंडमध्ये मात्र पहिल्या कॅलेंडर वर्षात ६१ दिवस आणि दुसऱ्यात ९० भरले. तिथली मर्यादा १८० ची आहे, त्यामुळे ती तिथली करनिवासी ठरत नाही.

आता तिला शहर आवडलं आणि ती जुलैअखेरपर्यंत राहिली, तर जानेवारीपासून २१२ दिवस होतात. त्या वर्षासाठी ती थायलंडचीही करनिवासी. १ जानेवारी २०२४ पासून थायलंडने नियम घट्ट केला आहे: करनिवासी व्यक्तीने त्या तारखेनंतर बाहेर कमावलेला पैसा थायलंडमध्ये आणला, की तो करपात्र धरला जातो. शिवाय काम प्रत्यक्ष थायलंडमध्ये बसून केलं असेल तर ती कमाई 'बाहेरची' म्हणायची का, हा आणखी एक प्रश्न. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा आपोआप मिळत नाही. कागद जमवावे लागतात. लांब मुक्काम असेल तर तिकीट काढण्याआधी सीएकडे जावं.

आणि कंपनीला न सांगता जाणं? व्हीपीएन लावला की कळत नाही, हा गैरसमज आहे. कळतं. परदेशातून काम केल्याने कंपनीवर तिथल्या कराची जबाबदारी येऊ शकते, क्लायंटच्या डेटाबद्दलचे करार मोडू शकतात. म्हणून परवानगी लेखी हवी.

वेळेचं गणित त्यामानाने सोपं आहे. थायलंड भारताच्या दीड तास पुढे. सकाळी १० ते ७ ची शिफ्ट तिथे साडेअकरा ते साडेआठ होते. पण क्लायंट न्यूयॉर्कचा असेल, तर त्याचे सकाळचे ९ म्हणजे तुमचे रात्रीचे ८ किंवा ९. मग डोंगर फक्त रीलमध्येच दिसतो.

तो डोंगरही दिसेनासा होतो

फेब्रुवारी ते एप्रिल हा चियांग माईत धुराचा मोसम. मक्याची शेतं जाळली जातात, जंगलांत वणवे लागतात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो. शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात असल्याने तो बाहेर पडत नाही. शहराच्या डोक्यावर असलेला दोई सुथेप डोंगर कित्येक दिवस दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हवेतल्या पीएम २.५ कणांचं प्रमाण दिवसाला सरासरी १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं. इथे वाईट दिवसांत ते शंभरापलीकडे जातं. दमा असलेल्यांनी, लहान मुलं बरोबर असलेल्यांनी हे महिने टाळावेत. जुने मुरलेले परदेशी तेव्हा दक्षिणेला समुद्राकडे निघून जातात. सोय आहे ती नोव्हेंबर ते जानेवारी, आणि भाडीही तेव्हाच चढतात.

दुसऱ्या प्रकारची जाहिरात

'थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी, तिकीट आणि राहणं फुकट' असा मेसेज आला, तर ते प्रकरण पूर्ण वेगळं आहे. अशा जाहिरातींना भुललेल्या तरुणांना बँकॉकला उतरवून माए सोत या सीमेवरच्या गावातून म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात नेलं गेलं आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीची कामं जबरदस्तीने करायला लावली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने तिथून सुटलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून परत आणलं.

फरक ओळखणं अवघड नाही. रिमोट काम करणाऱ्याकडे नोकरी आधीच असते आणि व्हिसाचा अर्ज तो स्वतः करतो. नोकरी द्यायला निघालेला एजंट तुम्हाला पर्यटक म्हणून जायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. परदेशी नोकरी देणारे नोंदणीकृत एजंट कोण, याची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते.