पुण्याची लाइन तुटली, तर मेल नागपूरहून जाईल?

दोन शहरांत कार्यालयं असलेल्या कंपनीत विचारा, 'एकीकडचं इंटरनेट गेलं तर मेल कसा जाणार?' हमखास उत्तर येतं, 'दुसरा एमएक्स आहे ना!' पण एमएक्स रेकॉर्ड आपल्याकडे येणारा मेल कुठे द्यायचा एवढंच जगाला सांगतो. जाणाऱ्या मेलची वाट आपलाच सर्व्हर ठरवतो.

दुसरा गैरसमज जाणत्या मंडळींचा आहे. समजा, पुणे आणि नागपूर दोन्हीकडे एक्स्चेंज सर्व्हर आहे. मेल बाहेर धाडणारी वाट म्हणजे सेंड कनेक्टर; जिची कॉस्ट कमी, ती वाट आधी. पुण्याच्या कनेक्टरची कॉस्ट १०, नागपूरच्या कनेक्टरची २०. पुण्याची लाइन गेली की मेल आपोआप २० वाल्या वाटेला लागेल, अशी समजूत असते. एक्स्चेंज २००३ पर्यंत वाटांची बंद-चालू स्थिती सर्व्हर एकमेकांना कळवत असत. २००७ च्या आवृत्तीत ती पद्धत काढून टाकली. आता कनेक्टर निवडताना पलीकडची लाइन जिवंत आहे का, हे पाहिलंच जात नाही. मेल पुण्याच्या रांगेत 'रीट्राय' म्हणत बसतात आणि नागपूर रिकामं. कुणीतरी हाताने पुण्याचा कनेक्टर बंद करेपर्यंत हे असंच चालतं. त्यापेक्षा एकाच कनेक्टरवर दोन्ही शहरांतले स्मार्ट होस्ट, म्हणजे मेल पुढे पोचवणारे सर्व्हर, द्यावेत. एकाने उत्तर दिलं नाही, तर सर्व्हर दुसऱ्याकडे जातो. अर्थात, दोन कार्यालयांमधली खासगी लाइन तेव्हा चालू हवी.

लाइन दोन कंपन्यांच्या घेतल्या म्हणजे निर्धास्त, असंही नाही. दोन्ही केबल एकाच चरातून येत असतील, तर जेसीबी दोन्ही उखडतो.

सगळ्यात महागात पडते ती अर्धवट तयारी. लाइन बंद असताना मेल हरवत नाही. एसएमटीपीच्या नियमांनुसार किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवायचे असतात. एक्स्चेंज मात्र न बदलल्यास दोनच दिवस थांबतं. पण मेल नागपूरहून निघाला आणि तिथला सार्वजनिक आयपी एसपीएफ रेकॉर्डमध्ये (आपल्या नावाने मेल कुठून येऊ शकतो याच्या यादीत) नसला, त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) नसली, तर समोरचा सर्व्हर ५५० हा कोड देऊन तो तिथल्या तिथे परत करू शकतो. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे 'नंतर या', ५ ने सुरू होणारा म्हणजे 'येऊच नका'. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून या अटी आणखी कडक केल्या. नोंदींविना उभी केलेली पर्यायी वाट नसलेली बरी. रांगेतला मेल निदान उशिरा तरी पोचतो.

तपासायचं तर पुण्याच्या इंटरनेटची केबल खरोखर काढा आणि एखाद्या जीमेल खात्यावर मेल टाका. तिथे मूळ संदेश उघडला की एसपीएफपुढे 'पास' आणि आयपी नागपूरचा दिसायला हवा. मग पुण्याचा मेल सर्व्हरही थोडा वेळ बंद ठेवून पाहा, तोही कामाच्या वेळेत. स्कॅनर, टॅली, हजेरीचं यंत्र यांच्या सेटिंगमध्ये कुणीतरी कधीकाळी पुण्याच्या सर्व्हरचा आयपी थेट टाकलेला असतो, आणि ते रात्रीच्या चाचणीत सापडत नाही.