थडग्यातला शिकारी पक्षी

एका शिकारी पक्ष्याने बदकाला पंजांत धरलं आहे. त्याची चोच आकड्यासारखी वळलेली, आणि बदक बिचारं अगदी लहान. हे शिल्प आहे सोन्याचं, तेही बटव्यावरचं, आणि ते सुमारे तेराशे वर्षं जमिनीखाली होतं.

इंग्लंडमधल्या सफक परगण्यात सटन हू इथे १९३९ साली एका उंचवट्याखाली २७ मीटर लांबीचं जहाज पुरलेलं आढळलं. सातव्या शतकातलं हे दफन पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या आम्लयुक्त मातीने लाकूड खाल्लं, मृतदेहही खाल्ला. बटव्याचं झाकण हाडाचं किंवा हस्तिदंताचं असावं, तेही विरलं. पण सोन्याची चौकट, तिच्या आतले पक्षी आणि ३७ सुवर्णनाणी एकत्र मिळाली, म्हणून तर तो बटवा होता हे कळलं! हाच पक्षी चोरबाजारातून आला असता तर त्याला आपण नुसता दागिना म्हणालो असतो. उत्खननात वस्तूइतकीच तिची जागा मोलाची, हे मी सारखं सांगत असतो ते यासाठी.

अशा पक्ष्यांची चाल युरोपभर होती. फ्रँक स्त्रियांच्या थडग्यांत वस्त्र अडकवायचे पक्ष्याच्या आकाराचे छोटे काटे मिळतात, स्पेनमध्ये व्हिसिगॉथांचे गरुड जोडीने मिळतात. हा पक्षी देवाशी जोडलेला की शिकारीच्या थाटाचा, यावर वाद आहेत. माझा कल थाटाकडे. सटन हूच्या कारागिराने बदक उगाच नाही घडवलं.

आता कारागिरी पाहा. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या जोडून इवले कप्पे करायचे आणि प्रत्येकात नेमक्या मापाचा गार्नेट बसवायचा. आपले जवाहीर याला तामडा म्हणतात. खड्याखाली नक्षी उठवलेला सोन्याचा पत्रा असतो. त्यावरून उजेड परतला की लाल रंग पेटतो. आपल्या कुंदनकामातही खड्याखाली चकाकता वर्ख घालतात.

हे खडे आले कुठून? पाचव्या-सहाव्या शतकांतल्या फ्रँक दागिन्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांतले बरेचसे गार्नेट भारत आणि श्रीलंकेतल्या खड्यांशी जुळले. पुढे सातव्या शतकात हा पुरवठा आटला आणि बोहेमियातले लहान खडे वापरात आले.